गप्प बसलेले काका: डे क्लिनिकमधल्या नैराश्याच्या उपचारांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ज्येष्ठांच्या मानसिक आजारांसाठी असलेल्या एका डे क्लिनिकमध्ये (दिवसा उपचार, रात्री घर) मी परिचारिका आहे. आमच्याकडे प्रत्येक रुग्णाची जबाबदारी टीममधल्या एकाकडे असते. या प्रकरणात ती माझ्याकडे होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. उपचारांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र घडल्या तशाच ठेवल्या आहेत.

त्यांना इथे नुसतं काका म्हणते. वय ७३. छापखान्यात ३४ वर्षं मशीन चालवलेलं. पत्नीला जाऊन १४ महिने झाले होते आणि ते मुलीकडे राहायला आले होते. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीला, त्यामुळे सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा काका घरात एकटे. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन चालू होतं. झोपेसाठी अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी दोन वर्षांपासून रोज रात्री. ती कोणी आणि किती दिवसांसाठी लिहून दिली होती, ते घरात कुणालाच आठवत नव्हतं.

समस्या

मुलगी त्यांना घेऊन आली ती विसरभोळेपणासाठी. सांगितलेलं लक्षात राहत नाही, चार वेळा विचारलं तरी उत्तर देत नाहीत, पोटात दुखतं म्हणतात पण तपासण्यांमध्ये काही निघत नाही. पाच महिन्यांत वजन सहा किलोने उतरलं होतं. पहाटे साडेतीनला जाग यायची आणि त्यानंतर ते पलंगाच्या कडेवर बसून राहायचे. 'बाबा उदास आहेत' असं मुलगी एकदाही म्हणाली नाही. काकाही म्हणाले नाहीत. उतारवयातल्या नैराश्यात हे नेहमीचं आहे. रडू किंवा दुःख समोर येत नाही. पोट, झोप, अंगदुखी आणि स्मरणशक्ती याच तक्रारी पुढे येतात. नैराश्यामुळे दिसणाऱ्या या विसरण्याला 'स्यूडोडिमेन्शिया' हे नाव १९६१ पासून रूढ आहे. तरी पहिली शंका आजही डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाचीच येते.

पहिल्या दिवशी मी जीडीएसची, म्हणजे ज्येष्ठांमधलं नैराश्य मोजण्याची, पंधरा प्रश्नांची हो-नाही चाचणी घेतली. गुण आले ११. पाचाच्या वर गेलं की नैराश्याची शंका घ्यायची असते, त्यामुळे ११ ही चांगलीच वरची पातळी. मोका या स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी १९. तिथे साधारण २६ आणि त्यावरचे गुण ठीक धरतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर सगळं ठीक होतं. सोडियम १३६, म्हणजे १३५ ते १४५ या मर्यादेत, पण अगदी उंबरठ्यावर.

त्या दिवशी मी कशी बसले होते ते लिहिते, कारण पुढे तेच महत्त्वाचं ठरलं. तोंडावर मास्क, मांडीवर फाइल, नजर कागदावर. काकांच्या उजव्या बाजूला खुर्ची. प्रश्न वाचायचे, उत्तर ऐकायचं, खूण करायची. काही प्रश्नांना त्यांनी थांबून, जरा अंदाज घेतल्यासारखं 'हो' म्हटलं. मी नोंद केली: 'विचारांची गती मंद.'

जगण्याविषयी डॉक्टरांनी त्यांना थेट विचारलं. ज्येष्ठांना हा प्रश्न विचारायला आपण बिचकतो, आणि वृद्ध पुरुषांमध्ये आत्महत्येचा धोका जास्त असतो. काका म्हणाले, "स्वतःहून काही करणार नाही. पण सकाळी उठलोच नाही तर बरं होईल असं रोज वाटतं."

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय, गोळ्या सुरू करून महिन्याने ओपीडीत बोलावणं. हे सगळ्यांनाच सोपं होतं. पण साडेआठ तास एकटा राहणारा, वजन घटलेला, मरणाची वाट पाहणारा माणूस महिनाभर नजरेआड ठेवायचा होता. तो आम्ही लवकर बाजूला ठेवला.

दुसरा, भरती करणं. यावर बराच वेळ गेला. ठोस बेत आखल्याची चिन्हं असती, खाणंपिणं बंद असतं किंवा भ्रम असते, तर आम्ही भरतीच केलं असतं आणि विद्युत उपचारांचाही (भूल देऊन मेंदूला दिलेले विजेचे झटके) विचार केला असता. गंभीर नैराश्यात वृद्धांना त्यांचा गुण चांगला येतो. यातलं काहीच नव्हतं. शिवाय पत्नी गेल्यापासून त्यांचं एक घर आधीच सुटलं होतं. आणखी एका अनोळखी पलंगावर त्यांना झोपवणं मुलीला आणि आम्हालाही पटेना.

तिसरा, डे क्लिनिक. दिवसा उपचार आणि रात्री घर ही कल्पना जुनी आहे. मॉस्कोत १९३३ मध्ये खाटांच्या टंचाईतून असं केंद्र निघालं, १९४६ मध्ये माँट्रिअल आणि लंडनमध्येही निघाली. आमच्या दृष्टीने निर्णायक मुद्दा साधा होता. काकांचे धोक्याचे तास दिवसाचे होते. रात्री घरात माणसं होती. म्हणून आठवड्यातून तीन दिवस, दहा ते चार, बारा आठवडे असं ठरलं. उरलेल्या दोन कामाच्या दिवशी मुलगी दुपारी घरी चक्कर मारणार, सगळ्या गोळ्या तिच्या ताब्यात राहणार, आणि अचानक बिघडलं तर कुणाला फोन करायचा ते एका कागदावर लिहून भिंतीवर लावायचं.

पहिला आठवडा: वेळेचा पेच

पहिल्या आठवड्यात तीनपैकी दोन दिवस काका आलेच नाहीत. गाडी दारात, काका पलंगावर. नैराश्यात सकाळ सगळ्यात जड असते आणि संध्याकाळकडे जरा हलकं वाटतं, हे आम्हाला माहीत होतं. मग साडेअकराला बोलवावं का? सोपं वाटलं, पण तसं केलं तर साडेनऊ ते साडेअकरा हे सगळ्यात वाईट दोन तास ते एकटे. वेळ तशीच ठेवली आणि पहिला तास मोकळा सोडला. आल्यावर खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसायचं, कुणी काही विचारणार नाही, गटात या म्हणणार नाही. गाडीबरोबर जाणाऱ्या मदतनिसाला सांगितलं की 'चला' म्हणून उभं राहायचं नाही, चपला काढून समोर ठेवायच्या आणि बसायचं. दुसऱ्या आठवड्यापासून ते नियमित येऊ लागले. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

तेरावा दिवस: सोडियम

नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम आठवडाभर ५ मिलिग्रॅम आणि मग १० मिलिग्रॅम असं सुरू झालं होतं. पासष्टीच्या पुढे १० हीच कमाल मात्रा धरतात, त्यामुळे डोस चुकला नव्हता. चुकली ती सोबत.

तेराव्या दिवशी फिजिओथेरपिस्टने मला बोलावलं. म्हणाली, "काल-परवापेक्षा पाऊल रुंद टाकतायत, आणि वळताना भिंत धरली." काकांना मळमळत होतं, वार सांगता येत नव्हता. आदल्या दिवशी घरीही ते 'गुंगीत' होते, पण मुलीला वाटलं नवी गोळी लागू पडतेय. रक्त तपासलं. सोडियम १२४.

एस्सिटालोप्रामच्या जातीच्या गोळ्यांनी शरीरात पाणी साठून सोडियम उतरू शकतं, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत. वय जास्त, वजन कमी आणि सोबत लघवी वाढवणारं क्लोरथॅलिडोनसारखं औषध असेल तर धोका आणखी वाढतो. काकांच्या बाबतीत तिन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये लिहिलेल्या होत्या. आम्ही पुढच्या तपासणीची तारीख तेवढी घातली होती, पंधराव्या दिवसाची. रक्तदाबाचं औषध आधी बदलून मग नैराश्याची गोळी सुरू करायला हवी होती, आणि पहिली तपासणी आठवड्यातच करायला हवी होती.

त्यांना मेडिसिन विभागात पाच दिवस भरती केलं. दोन्ही औषधं बंद झाली. सोडियम सावकाश वर आणावं लागतं; २४ तासांत ८ ते १० च्या वर चढू दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन आलं, नैराश्यासाठी रात्री मिर्टाझापिन, आधी साडेसात आणि मग १५ मिलिग्रॅम. सोडियमच्या बाबतीत ते तुलनेने बरं, झोप आणि भूकही सुधारतं. मुलीला आम्ही बसवून सांगितलं की हे आमच्याकडून टाळता आलं असतं. ती रागावली, आणि रागावणं रास्त होतं. तरी चौथ्या आठवड्यात तिने बाबांना परत पाठवलं.

एक गोष्ट मात्र नोंदवावी लागेल. महिन्याने ओपीडी, हा पर्याय घेतला असता तर तेराव्या दिवशी पाऊल कसं पडतंय हे पाहायला कुणीच नसतं.

कागद

पाचव्या आठवड्यात व्यवसायोपचाराच्या (हाताला काम देऊन करायच्या उपचारांच्या) तासाला सगळ्यांना रंगवायला चित्रं दिली होती. काकांनी खडूला हात लावला नाही. तो कागद उचलून त्यांनी आधी उभा वाकवला, मग आडवा, आणि परत ठेवला. मी समोर जाऊन बसले. विचारलं, काय पाहिलंत? म्हणाले, "ग्रेन उलटी आहे. घडी घातलीत तर फुटेल." ग्रेन म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा. मग त्यांनी घडी घालून दाखवली. एका दिशेने कड सुरीसारखी सरळ आली, दुसऱ्या दिशेने घडीवर पांढरे केस उभे राहिले. चार आठवड्यांत त्यांच्या तोंडून एका दमात निघालेली ही सगळ्यात मोठी गोष्ट होती.

७३ वर्षांच्या कारागिराला मुलांची चित्रं रंगवायला देणं हा त्याचा अपमान आहे, हे त्या दिवशी मला पुरतं कळलं. रुग्णांना आम्ही दिनक्रमाच्या वह्या देतो. कोणत्या तासाला काय केलं आणि मनाला कसं वाटलं हे त्यात लिहायचं असतं. त्या वह्या बांधायचं काम काकांकडे गेलं. कागद निवडणं, घड्या, टाचण, कडा कापणं. नैराश्यात मन तयार होईपर्यंत थांबायचं नसतं. आधी हात कामाला लागतात, मन मागून येतं. काकांच्या स्वतःच्या वहीत बारीक, सरळ अक्षरात त्या तासासमोर पहिल्यांदा दहापैकी चार आले. बाकी दिवस एक आणि दोनचाच होता.

आठवा आठवडा: मावशींचं म्हणणं

झोप आणि वजन सुधारत होतं. गटात मात्र काहीच नाही. सात-आठ जण गोल बसायचे, काका भिंतीकडे पाहायचे. माझ्याच हातच्या सलग नोंदी आहेत: 'गटात सहभाग नाही.' 'उदासीन.' 'इतरांबद्दल आस्था दिसत नाही.' आठव्या आठवड्याच्या बैठकीत तीन मतं पडली. मिर्टाझापिन ३० वर न्यावं. डिमेन्शियाच्या दिशेने स्कॅन करावा. किंवा गटाचा उपयोग होत नाही, तर जागा दुसऱ्या रुग्णाला द्यावी. माझं मत पहिलं होतं.

त्या दुपारी खुर्च्या लावताना आमच्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, ते काका रुसलेले नाहीत हो. त्यांना ऐकू येत नाही. मी मागून हाक मारली की कधी ओ देत नाहीत. पुढ्यात आले की लगेच हसतात."

मी काकांच्या मागे हातभर अंतरावर उभी राहिले आणि आकडे कुजबुजले. उजव्या कानाला एकही कळला नाही. डाव्या कानाला तीनपैकी एक.

३४ वर्षं छापखान्याच्या मशीनपाशी. हे वाक्य पहिल्या दिवसापासून फाइलच्या पहिल्या ओळीत होतं, माझ्याच अक्षरात.

ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, दोन्ही कानांत वरच्या पट्टीतली ऐकण्याची क्षमता बरीच गेलेली दिसली. ४००० हर्ट्झपाशी आलेखात खोल खड्डा होता, सततच्या आवाजाने कान गेल्याची ती ओळखीची खूण. त्यावर दोन्ही कानांत मळाचे बोळे. छापखान्यात यंत्रांच्या आवाजात माणसं एकमेकांच्या ओठांवरून आणि हातांवरून बोलणं ओळखतात. काका तेच करत होते. म्हणून समोरासमोर बोलताना आमच्या लक्षात आलं नाही आणि गटात, जिथे कोण बोलतंय हे शोधेपर्यंत वाक्य संपतं, तिथे ते हरवत होते. माझ्या मास्कने तर तोही आधार काढून घेतला होता. मोका चाचणीतले लक्षात ठेवायचे पाच शब्द वाचून दाखवायचे असतात. जे कानावर पडलंच नाही ते आठवणार कसं?

डॉक्टरांनी विचारलं, हे आधी कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? काकांनी सावकाश सांगितलं, "ती होती ना. कुणी काही बोललं की ती परत सांगायची, माझ्याकडे तोंड करून. मला वाटायचं तिला सवयच आहे तशी. ती गेली आणि घरातलं बोलणंच बंद झालं."

त्या दिवशी या सगळ्या प्रकरणाकडे मी नव्याने पाहिलं. त्यांचं नैराश्य खरं होतं, शोक खरा होता. पण पत्नीबरोबर त्यांचे कानही गेले होते, आणि त्याचा हिशेब आम्ही मांडलाच नव्हता.

त्यानंतर काय केलं

मात्रा वाढवली नाही. मळ काढला, अकराव्या आठवड्यात श्रवणयंत्रं आली. पहिले काही दिवस काकांना ती नकोशी वाटली: खुर्ची सरकली तरी दचकायचे, पंख्याचा आवाज सहन होईना. म्हणून आधी शांत खोलीत अर्धा तास, मग एका माणसाबरोबर, मग तिघांच्या गटात असं वाढवत नेलं. सात-आठ जणांच्या गटात त्यांना परत बसवलं ते पंधराव्या आठवड्यात. तिथे एक नियम केला: बोलणाऱ्याने हात वर करायचा आणि एका वेळी एकानेच बोलायचं. इतर दोघांनाही त्यामुळे नीट ऐकू येऊ लागलं. त्यांच्याही फाइलमध्ये 'सहभाग कमी' होतं.

मुलीबरोबर दोन बैठका झाल्या. ती म्हणाली, "मी ओरडते म्हणून बाबा गप्प होतात, की बाबा गप्प असतात म्हणून मी ओरडते, हेच कळेनासं झालं होतं." आवाज चढवण्यापेक्षा समोर येणं, खोलीत उजेड ठेवणं, टीव्ही बंद करून बोलणं हे तिला दाखवलं. साध्या गोष्टी आहेत, पण चौदा महिन्यांची भांडणं त्यातून हलली.

अल्प्राझोलाम एकदम थांबवलं नाही. झोप स्थिरावल्यावर दर दोन आठवड्यांनी पाव गोळी कमी करत आठ आठवड्यांत सोडवलं. शेवटच्या पाव गोळीला सगळ्यात जास्त त्रास झाला.

बारावा आठवडा: निरोपाची घाई

ठरल्याप्रमाणे बारा आठवडे झाले आणि आम्ही सांगितलं, पुढच्या शुक्रवारी शेवटचा दिवस. यंत्रं कानाला बसून आठवडा झाला होता. दोन दिवसांत पोटदुखी परत आली, वहीत पुन्हा एक-दोनचे आकडे. आमच्यातले काही म्हणाले, हे क्लिनिकवर अवलंबून राहणं आहे, मुदत वाढवली तर ते वाढेल. त्यात तथ्य होतं. वह्यांचं काम त्यांना इतकं लागलं होतं की क्लिनिकचा दिवस दिवसासारखा आणि घरचा दिवस रिकामा, असं चित्र झालं होतं. पण यावर उपाय दोरी कापणं नव्हे असं माझं मत होतं, आणि ते टिकलं. मुदत वीस आठवड्यांपर्यंत नेली: तीन दिवस, मग दोन, मग एक. सुटलेला प्रत्येक दिवस आधी बाहेर भरायचा, मगच इथला कमी करायचा. एका वाचनालयात फाटक्या पुस्तकांच्या दुरुस्तीसाठी हात हवे होते. पहिल्या दोन खेपांना मी बरोबर गेले, तिसऱ्या खेपेला ते एकटे गेले.

परिणाम

विसाव्या आठवड्यात जीडीएस ४, मोका २४, सोडियम १३७. वजन साडेतीन किलोने वाढलेलं. 'सकाळी उठलोच नाही तर' हा विचार आता येत नाही, असं त्यांनी न विचारता सांगितलं.

आकड्यांवर मी फार भर देणार नाही. पहिली जीडीएस मी मास्क लावून वाचून घेतली होती, नंतरची मोठ्या अक्षरात छापून त्यांच्या हाती दिली. त्यामुळे ११ आणि ४ यांची सरळ तुलना होत नाही. पहिल्या ११ मधले किती खरे होते आणि किती अंदाजाने म्हटलेले 'हो' होते, हे आता सांगता येणार नाही. मोका २४ म्हणजे स्मरणशक्तीची शंका मिटली असंही नाही. नैराश्य ओसरल्यावरही अशा रुग्णांवर पुढे लक्ष ठेवावं लागतं, म्हणून वर्षाने ती चाचणी परत करायची आहे.

पत्नीच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाच्या सुमारास काका दोन आठवडे पुन्हा खचले. या वेळी त्यांनी स्वतःच क्लिनिकच्या फोनवर लेखी संदेश पाठवला: 'पहाटे जाग येते आहे. भेटावं म्हणतो.' दोन भेटींत सावरले. मिर्टाझापिन चालू आहे. बरं वाटल्यावरही या वयात किमान वर्षभर तरी गोळी थांबवत नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

औषधांची चूक वर लिहिली आहे. तिच्यासाठी आता नियम आहे: लघवी वाढवणारं औषध चालू असेल तर आधी ते बदलता येतं का ते पाहायचं, आणि नवी गोळी सुरू झाल्यावर सातव्या दिवशी सोडियम.

कानांची चूक मला जास्त लागते, कारण ती टाळायला ना यंत्र लागतं ना पैसा. डे क्लिनिकमध्ये आम्हाला दिवसाचे सहा तास माणूस दिसतो. ओपीडीतल्या दहा मिनिटांपुढे हीच आमची श्रीमंती. तरी आठ आठवडे मी त्यांच्या गप्प बसण्याला लक्षण समजून लिहीत राहिले. खुर्च्या लावणाऱ्या मावशींना जे दिसलं, ते त्यांना विचारायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. आता साप्ताहिक बैठकीची पहिली दहा मिनिटं मावशी आणि गाडीचे मदतनीस बोलतात. आणि पहिल्या दिवशीच्या फॉर्मवर जीडीएसच्या वर एक ओळ वाढली आहे: मागे उभं राहून आकडे कुजबुजले का, मळ पाहिला का, चष्मा आणि श्रवणयंत्र आत्ता अंगावर आहे का. तिन्ही रकाने भरल्याशिवाय खालचे प्रश्न विचारायचे नाहीत.

मुलीला एकटीला आम्ही पहिल्यांदा भेटलो ते दहाव्या आठवड्यात. तिचीही आई गेली होती, आणि हे आमच्यापैकी कुणीही तोवर तिला विचारलं नव्हतं.